दोन वाट्यांची दगूमाय

दगूमाय कधी कुणाला "जेवलात का?" असं विचारायची नाही. सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत हा प्रश्न म्हणजे रामरामच होता. सकाळी नळावर, दुपारी ओट्यावर, जाता-येता कुणीही कुणालाही "जेवनात का?" म्हणायचं आणि समोरचा "हां, जेवनू" म्हणून चालू लागायचा. दगूमायला हा प्रश्न मान्यच नव्हता. "इचारं का मानूस हां म्हनस," ती म्हणायची. "मानूसले नको इचारू. डबाले इचार."

तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. गेली ती इच्छापोरला, मुलाच्या खोलीवर. मला मात्र ती आठवते ती गल्लीत, उन्हातून चालताना. उंच, काटकुळी, लुगड्याचा काष्टा घट्ट, आणि खांद्याला साडीच्या चिंधीची शिवलेली पिशवी. त्या पिशवीत कायम दोन वाट्या असायच्या. एक लहान, पोचा आलेली. दुसरी मोठी, काठावर कुणाचं तरी आहेराचं नाव कोरलेली, जाड बुडाची. चालताना त्या एकमेकींवर आपटायच्या, त्यामुळे दगूमाय येतेय हे तिच्या आधी कळायचं.

मी सांगलीकडची. नवऱ्याची बँकेतली नोकरी सुरतेला आली आणि मला लिंबायतच्या एका मराठी शाळेत जागा मिळाली, म्हणून आम्ही त्या गल्लीत माडीवरची खोली घेतली. चौथ्याच दिवशी ही बाई दारात उभी. हातात लहान वाटी.

"मास्तरीण, वाटीभर पीठ दे वं. उसनं."

मी दिलं. डबा काढला, झाकण उघडलं, वाटी भरली. ती माझ्या खांद्यावरून डब्यात डोकावत होती हे मला तेव्हाच खटकलं. तीन दिवसांनी पीठ परत आलं, पण मोठ्या वाटीतून, शिगोशीग. पुढच्या आठवड्यात पुन्हा लहान वाटी. मी ह्यांना म्हटलं, या बाईला घर चालवता येत नाही. हे म्हणाले, "जास्त परत करते ना? मग तुझं काय जातं?" पण मी पडले शिक्षिका, मला माणसं सुधारायची फार हौस. एकदा मी तिला तोंडावरच म्हटलं, "दगूबाई, एकदाच काय ते मोठं दळण आणून ठेवावं. रोज दारोदार हिंडणं बरं दिसत नाही."

"आनसू ना," ती म्हणाली आणि हसत जिना उतरली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

आमची गल्ली म्हणजे अख्खा खानदेश. धुळे, नंदुरबार, अमळनेरकडून चाळीस-चाळीस वर्षांपूर्वी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेली माणसं. लूमच्या कारखान्याला तिथं 'खातं' म्हणतात. दोन्ही बाजूंना खाती, त्यांची दिवसभर खडखड, आणि मध्ये ही घरं. त्या खडखडीत आयुष्य काढलेली माणसं म्हातारपणी कानानं अधू होतात आणि कायम ओरडून बोलतात. दगूमाय तर कुजबुजली तरी तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. मुलं मोठी झाली तशी कुणी सचिन गावच्या कारखान्यांत गेली, कुणी इच्छापोरला, एक-दोन घरांतली चलथाणच्या साखर कारखान्यावर. म्हातारी मागे राहिली. स्वतःची खोली सोडवत नव्हती, आणि मुलाच्या एका खोलीत आणखी एक अंथरूण मावत नव्हतं.

त्यातलं कुणी उपाशी आहे असं कुणालाच वाटायचं नाही. त्यांना स्वतःलाही नाही. सकाळी चहा-खारी, दुपारी चहा, संध्याकाळी "आज भूकच नही." मागून खायची त्यांना सवय नव्हती आणि कुणी हातावर काही ठेवलेलं खपायचं नाही. ही माणसं जेवली पाहिजेत, आणि कुणाची मान खाली न जाता जेवली पाहिजेत, एवढा एकच उद्योग दगूमायनं स्वतःच्या मागे लावून घेतला होता.

मला हे कळलं ते एका अर्ध्या सुट्टीच्या दिवशी. मी शाळेतून परतत होते. दगूमाय गल्लीतल्या पार्वताबाईंच्या घरातून पीठ घेऊन बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि थांबली. चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं केलं, थुंकली.

"काय झालं?" मी विचारलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सांगावं की नको, याचा विचार चालला होता. मग मनगटाला धरून मला घरी नेलं, दार लोटलं, आणि दोन्ही वाट्या माझ्यापुढे मांडल्या.

"लहानी वाटी घेवानी. मोठी वाटी देवानी," ती म्हणाली.

एवढ्यानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मग तिनं समजावून सांगितलं, मी वर्गात ढ पोरांना सांगते तसं. पीठ मागितलं की माणसाला डबा तुमच्यासमोर उघडावा लागतो. हात डब्यात किती खोल जातो ते दिसतं. वाटी बुडाला खरडली तर आवाज येतो. गल्लीत कुणाला स्वतःचं नाव ऐकू येत नसेल, पण डब्याचं बूड खरडल्याचा आवाज दगूमायला ओट्यावरून ऐकू यायचा. शिवाय बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं. जिभेवर ठेवलं की कळतं, दळण आणून किती दिवस झाले आणि त्यातली भाकरी झाली की नाही.

"दोन रोग शेत," तिनं दोन बोटं वर केली. "एकना डबा रिकामा. त्याले मोठी वाटी देवानी. दुसरीना डबा भरेल, पन पीठ कडू. तिले पीठ दीसन काय करशी? तिन्हा घर जेवाले जावानं."

दुसरा रोग पार्वताबाईंना होता. नवरा गेल्यावर एकट्या. मुलगा महिन्याच्या महिन्याला सगळं भरून जायचा. फक्त एका जिवासाठी तवा तापवायचा, हे त्यांना जमेनासं झालं होतं. दगूमाय मला घेऊन त्यांच्याकडे गेली. उंबऱ्यावर धपकन बसली, कपाळाला हात लावला आणि सुरू झाली, "माय वं, सकायपाईन पोटमा काही नही! चक्कर ई ऱ्हायनी!"

तिच्या घरी जेवलेलं खरकटं ताट मी आत्ताच पाहिलं होतं.

"तुले कायम भूक लागेल ऱ्हास," पार्वताबाई कुरकुरल्या, पण उठल्या. दारात भुकेलं माणूस बसलंय आणि खानदेशी बाई उठली नाही, असं होत नाही. पिठाचा डबा उघडल्यावर त्यांचा त्यांनाच वास आला. "खराब व्हयी गयं वाटस," असं ओशाळून म्हणाल्या. दगूमायनं पिशवीतली मोठी वाटी पुढे केली. ताजं पीठ होतं. "हे घे, मन्हं उसनं फेडाले आनेल व्हतं," म्हणाली. भाकरी थापल्याचा आवाज आला. मग ही अडून बसली, एकटीच्या गळ्याखाली घास उतरत नाही म्हणून. पार्वताबाईंना ताट घ्यावंच लागलं. मलाही. डबा खाऊन आलेली मी, ठेचा-भाकरी पुन्हा जेवले. असं करत दगूमाय एखाद्या दिवशी तीन-तीन घरी जेवायची, तरी अंगानं काडीच राहिली.

तिचं ओरडणं हासुद्धा उपचाराचाच भाग होता. ज्याच्या डब्यात खडखडाट आहे त्याच्या घरातून बाहेर पडताना ती मोठ्यानं सांगायची, "दिनं वं पीठ! भरीसन दिनं!" सगळ्या गल्लीला कळायचं की या घरात दुसऱ्याला द्यायला पीठ आहे. तीन दिवसांनी ती मोठी वाटी घेऊन जायची तेव्हा मात्र एक अक्षर बोलायची नाही. त्या दिवशी वाट्यासुद्धा पदरात गुंडाळून न्यायची.

गल्लीतल्या बाकीच्या तक्रारीही ती शेवटी पोटाशीच आणून सोडायची. पावसाळ्यात गटार तुंबलं की रस्त्यावर घोट्यापर्यंत घाण यायची. लोक वासाबद्दल बोलायचे, डासांबद्दल बोलायचे. दगूमाय म्हणायची, गटाराचा आणि भुकेचा संबंध आहे. आधी आम्ही हसलो. मग तिनं दाखवलं. पिठाची चक्की, तिकडची 'घंटी', गटाराच्या पलीकडे होती. वर टाकलेल्या फळीवरून म्हातारी माणसं जाऊ धजत नव्हती. दळण अडलं की भाकरी अडली. मी अर्ज लिहायला बसले तर तिनं मजकूर सांगितला, "लिख, आमना गटारमुळे आमी उपाशी शेतस." मी म्हटलं, असं लिहीत नाहीत. तिनं मला तसंच लिहायला लावलं, आणि वॉर्डाच्या कचेरीत जाऊन दळणाची गोणी मांडीवर घेऊन बाकावर बसली. साहेब गुजराती. त्यांना तिचं अहिराणी कळेना आणि तिला त्यांचं म्हणणं ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गोणी घेऊन तिथंच. तिसऱ्या दिवशी गटार उपसायला माणसं आली.

आता वामनआप्पांबद्दल सांगते. सांगायला जड जातं, कारण त्यात चूक माझी आहे.

वामनआप्पा समोरच्या खोलीत एकटे राहायचे. तीस-बत्तीस वर्षं लूम चालवलेला माणूस, पांढरी टोपी, ताठ कणा. कुणाकडे चहा घ्यायचा असेल तर आधी त्याला आपल्याकडे चहा पाजायचे. तुटलेला धागा अंगठ्याच्या पेरावर वळून गाठ मारायची, हे त्यांनी दिवसातून किती वेळा केलं असेल देव जाणे. त्या कामात अंगठ्याच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानात मशीन आलं आणि आप्पांचा अंगठा त्याला दिसेना. दुकानदार बिचारा सरळ माणूस. "काका, अंगूठो नथी आवतो. काले आवजो," म्हणायचा. उद्या, परवा, असं करत महिना संपायचा. दगूमाय अशा पाच-सहा म्हाताऱ्यांना कोमट पाण्याचा तांब्या आणि खोबरेल तेल घेऊन दुकानात न्यायची. रांगेतच त्यांचे अंगठे पाण्यात बुडवायची, तेल चोळायची, पदरानं पुसायची आणि मशीनवर दाबून धरायची. कधी लागायचा, कधी नाही. नाही लागला की मशीनलाच दटावायची, "आंधयं शे का? इतला मोठा मानूस दिसत नही तुले?"

तर मशीन आलं त्या वर्षी माझ्या डोक्यात योजना आली. शाळेतल्या चार शिक्षिका आणि गल्लीतलं मंडळ मिळून आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पिशव्या भरल्या. पीठ, डाळ, तेल, गूळ. रविवारी सकाळी मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, मागे फलक लावला. दगूमायला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मांडव कसाले?" मी म्हटलं, लोकांना प्रेरणा मिळते.

आप्पांना निमंत्रण द्यायला मी स्वतः गेले होते. "आमच्या कार्यक्रमाला या," एवढंच म्हटलं. त्यांना वाटलं मान्यवर म्हणून बोलावलंय. धुतलेली टोपी घालून, सदऱ्याची वरपर्यंत बटणं लावून आले आणि पहिल्या रांगेत बसले. टाळ्याही वाजवल्या. मग माइकवरून त्यांचं नाव पुकारलं, पिशवी घ्यायला.

ते उठले. एक क्षण त्यांनी मागे वळून पाहिलं, आपल्याच नावाचा दुसरा कुणी आहे का म्हणून. मग पुढे आले, पिशवी घेतली, सांगितलं तसं फोटोसाठी उभे राहिले. फोटो मी काढला. संध्याकाळपर्यंत मी तो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि रात्रीपर्यंत तो नंदुरबारला त्यांच्या भाच्यांच्या मोबाइलवर होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आतून खोकल्याचा आवाज यायचा म्हणून आहेत एवढं कळत होतं. चहाचा वाससुद्धा नव्हता.

दगूमाय माझ्याकडे आली. आयुष्यात एकदाच मी तिला हळू आवाजात बोलताना ऐकलं, ते तेव्हा.

"तू त्यान्हा फोटू काढा, मास्तरीण?"

मी मान खाली घातली. तिनं आणखी काही बोलायला हवं होतं. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती वळली, पिशवीतली लहान वाटी काढली आणि आप्पांच्या दारावर ती वाटीच ठणाठणा आपटायला लागली.

"आप्पा! वाटीभर पीठ दे! उसनं! मन्हा घर पाव्हना येल शेत!"

बऱ्याच वेळानं कडी निघाली. मी जिन्यावरून पाहत होते. दार अर्धं उघडं, आत कोपऱ्यात आमची पिशवी तशीच, तिची सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती.

"मन्हाकडे पीठ नही," आप्पा म्हणाले.

"ते काय शे मंग?"

"ते मन्हं नही."

"तुन्हा घरमा शे ना? मंग कोनं शे?" दगूमाय ओरडली. "तू नही देस तर मी कोनाकडे जाऊ? मास्तरीणकडे? ती मन्हा फोटू काढी!"

गल्लीत दोन-तीन माणसं हसली. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग आत गेले, लूमवर धागा कापायची चिमुकली कातर फळीवरून काढली, आणि खाली बसून पिशवीची सुतळी कापली. वाटी भरली. हातानं दाबून आणखी भरली, वर शीग केली. दोन दिवसांचा उपाशी माणूस, पण देताना त्यांचा हात आखडला नाही.

"दिनं वं आप्पानी! भरीसन दिनं!" अख्ख्या गल्लीला वर्दी देत दगूमाय माझ्या जिन्याखालून गेली. वर पाहिलंसुद्धा नाही. अर्ध्या तासात आप्पांच्या खोलीतून भाकरी भाजल्याचा वास आला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

फोटो मी पुसून टाकला, जिथून पुसता आला तिथून. आप्पांची माफी मागायला गेले. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बठ. पहिले चहा ले." चहातला गूळ आमच्याच पिशवीतला होता. मी तो चहा प्याले आणि त्यांनी त्या विषयावर मला एक शब्द बोलू दिला नाही.

त्यानंतर मी दगूमायबरोबर हिंडायला लागले. मला डबा बघता यायला लागला, खरडल्याचा आवाज ओळखू यायला लागला. पीठ चाखायची मात्र मला किळस वाटायची, ते काम तिचं. मग आमची बदली झाली. आम्ही तापीच्या पलीकडे राहायला गेलो, माझीही शाळा बदलली. लिंबायतला जाणं महिन्या-दोन महिन्यांनी एकदा व्हायला लागलं. तेवढ्यात दगूमायच्या गुडघ्यांनी दगा दिला. तिचा मुलगा इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटी कामाला, तिथंच एका खोलीत बायको-पोरं घेऊन राहायचा. "चल" म्हणून तो मागे लागला होता. ती जायला तयार नव्हती. "आठली मानसं कोन देखी?" म्हणायची. आणि इथल्या माणसांपर्यंत तर तिला आता पोचताही येत नव्हतं.

दिवाळीआधी मी गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली. हसली, चौकशी केली, आवाज तेवढाच मोठा. मला आपली विद्या आठवली. "माय, वाटीभर पीठ दे," मी म्हटलं. "घे, ते शे," तिनं हनुवटीनं डबा दाखवला. डबा काठोकाठ भरलेला. मी लहान वाटी पिठावर उपडी टेकवली, मग वाटलं, उगाच कशाला, आमच्या घरी काही बाजरी होत नाही. वाटी उचलून ठेवली, झाकण लावलं. डबा भरलेला आहे, दगूमायचं बरं चाललंय, या समाधानात मी रिक्षा पकडून घरी आले.

महिन्याभरानं पुन्हा गेले. ती खूप वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. "भूक नही लागत आजकाल," म्हणाली. मी डबा उघडला. काठोकाठ भरलेला. हायसं वाटणार, तेवढ्यात दिसलं. पिठावर वाटीच्या काठाचा गोल ठसा होता. माझाच. महिन्यापूर्वी मी उपडी टेकवलेल्या वाटीचा. तसाच्या तसा, एका बाजूला पोच्याच्या खुणेसकट.

मी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. कडू जहर.

गल्लीतल्या प्रत्येकाचा डबा जिनं चाखला, तिचा डबा चाखायला कुणीच नव्हतं. आणि जिला तिनं शिकवलं होतं, ती डबा बघून, पीठ न चाखताच परत गेली होती. स्वतःचा इतका राग मला कधी आला नाही. पण राग येऊन तिच्या पोटात काही जाणार नव्हतं. मी तिच्या उंबऱ्यावर बसले, कपाळाला हात लावला.

"माय, सकाळपासून पोटात काही नाही गं. चक्कर येतेय."

दगूमायनं माझ्याकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. हसत होती.

"मन्हंच औषध माले देस का?"

"खरंच भूक लागलीय."

"इतला वरीसमा तुले खोटं बोलता नही उनं," ती म्हणाली. पण भिंतीचा आधार घेत उठली. गुडघे धरत शेगडीशी गेली, गॅस पेटवला, तवा ठेवला. मग डब्याकडे बघून थांबली. तिनं पिशवीतून लहान वाटी काढली, माझ्या हातात दिली.

"आप्पाकडे जाय. वाटीभर पीठ आन. उसनं."

समोर आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांचे कान आता पारच गेले होते. मी वाटी पुढे केली आणि ओरडून सांगितलं, दगूमायनं उसनं मागितलंय. त्यांनी ती पोचा आलेली वाटी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. पलीकडे तिच्या दाराकडे पाहिलं. आत गेले, पीठ भरून आणलं, शिगोशीग, वर हाताचा आडोसा धरून.

"तिले सांग," ते गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "तीन दिनमा परत पाहिजे!"

आतून दगूमायचा आवाज आला, "देसू, देसू! पयी नही जात मी!"

तिनं तीन भाकरी केल्या. मी घरून पोटभर जेवून आले होते, तरी दीड खाल्ली. आणि अडून बसले, एकटीच्या गळ्याखाली घास उतरत नाही म्हणून. तिनं ताट घेतलं. पहिला घास बराच वेळ तोंडात घोळवला, मग नेटानं खायला लागली, आणि उरलेली दीड भाकरी सावकाश संपवली.

त्या दिवसापासून तिच्या दारात भुकेलेल्यांची रांग लागली. पार्वताबाई चक्कर येऊन उंबऱ्यावर बसायच्या. आप्पा काठी टेकत यायचे आणि आज तवा सापडत नाही म्हणून सांगायचे. मी रविवारी नदी ओलांडून यायचे. दगूमाय सगळ्यांना शिव्या घालायची, भाकरी थापायची आणि आमच्यात बसून जेवायची. घंटीवरून ताजं दळण आलं आणि तिसऱ्या दिवशी आप्पांचं उसनं मोठ्या वाटीतून परत गेलं. त्यांनी पुन्हा लहान वाटी भरून पाठवली. त्यांचं हे महिनोन्महिने चाललं.

पण गुडघे काही परत आले नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका सकाळी तिचा मुलगा रिक्षा घेऊन आला. मला पार्वताबाईंचा फोन आला तेव्हा मी शाळेत परीक्षेचे पेपर वाटत होते. कसाबसा वर्ग दुसऱ्या बाईंच्या हवाली केला आणि धावत सुटले. पोचले तेव्हा सामान चढलं होतं, गल्ली गोळा झाली होती आणि दगूमाय रिक्षात मधोमध ताठ बसली होती. मांडीवर ती चिंधीची पिशवी आणि फडक्यात बांधलेली शिदोरी. मुलगा ड्रायव्हरच्या शेजारी. मी रिक्षाचा दांडा धरून नुसती धापा टाकत उभी राहिले.

दगूमायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं मला ते विचारलं, जे तिनं इतक्या वर्षांत गल्लीतल्या एकाही माणसाला विचारलं नव्हतं.

"जेवनी का वं तू?"

"हो माय," मी म्हटलं. "जेवले."

तिनं फडक्याची गाठ सोडली. वरची भाकरी काढली, तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवला, दुमडली आणि माझ्या हातात दिली. भाकरी अजून ऊन होती. रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तशी तिनं मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"थांब रे भो," ती ओरडली, "मास्तरीण जेवी ऱ्हायनी."

मी तिथंच, भर रस्त्यात, सगळ्या गल्लीसमोर उभ्यानं ती भाकरी खाल्ली. ठेचा तिखट होता आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. शेवटचा घास माझ्या घशाखाली उतरेपर्यंत तिनं रिक्षा हलू दिली नाही.